शेवटचं धड कधी पाहिलं

डॉक्टरीणबाईंनी नाव नंतर विचारलं, वय नंतर.
आधी हे : यांना शेवटचं धड कधी पाहिलं?
बोलताना, चालताना, नेहमीसारखं.
वेळ सांगा.

वेळ.
वाळपईहून पहिली गाडी पावणेसहाची,
म्हणजे हे पाचला उठतात.
चहा मी रात्रीच्या थर्मासातून ओतून, झाकून, आडवी होते.
हे पितात, कप उपडा घालतात.
नऊ दिवस मी त्यांना त्या उपड्या कपावरून ओळखत होते.
बोस्त्यांव ड्रायव्हरला चार हजार उसने दिले, मला न विचारता,
तेव्हापासून घरात पातेल्यांचाच काय तो आवाज.

आज चहा तसाच होता.
म्हटलं, राग आता चहापर्यंत आला,
आणि मागीलदारी भांड्यांना बसले.

हॉर्न वाजवून वाजवून शेवटी बोस्त्यांवच आत आला.
हे पायरीवर. पैशांची पिशवी डाव्या खांद्याला,
उजवा हात कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
"हास पळोवया," बोस्त्यांव म्हणाला. अर्धंच हसले.
"दोनूय हात वयर." एकच गेला.
साखळीच्या स्टँडवर मुतारीच्या भिंतीला कागद लावलाय म्हणे,
त्यात असाच वाकडा माणूस आहे,
हा रोज त्याच्यासमोर उभा राहतो.

एकशेआठ त्यांच्याच रस्त्याने गेली.
होंडा. साखळी. माशेल. बाणस्तारी.
प्रत्येक स्टॉपवर माणसं,
आणि आम्ही कुठेच थांबलो नाही.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
यांनी कुणालाच "फुडें वच" म्हटलं नाही.

शेवटचं धड कधी पाहिलं?

साडेचार तासांच्या आतलं असेल तर इंजेक्शन आहे,
बाजूचा पोरगेला डॉक्टर म्हणाला.
माझ्या जिभेवर आलंच होतं : पाचला पाहिलं, बरे होते.
एवढंच तर म्हणायचं होतं.
पण वेळ चुकीची निघाली तर डोक्यात रक्त फुटतं,
हेही त्यानेच सांगितलं.
मग मी खरं ते बोलले.
नऊ दिवस झाले, म्हटलं.
धड असं बघितलंच नाही.

बाईंचं पेन थांबलं.
रागावल्या नाहीत.
"असू दे. घड्याळ नको, मेंदूलाच विचारू."

चित्रात लाल होतं, ते गेलेलं.
भोवती हिरवं : उपाशी, पण जिवंत.
"वेळ ठाऊक नसली की पूर्वी नुसतं खाटेवर ठेवायचो," त्या म्हणाल्या,
"माझ्या बाबांना तसंच ठेवलं."
आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.
हिरवं पुष्कळ होतं.
शेवटची गाडी चुकली नसेल अशा आशेने
स्टॉपवर उभ्या माणसांसारखं.

जांघेतून तार वर, मानेतून डोक्यात.
मी बाहेर बाकावर, पिशवी मांडीवर.
चिल्लर मोजली. तीनशे अठरा.
पुन्हा मोजली, तीनशे सोळा.
बोस्त्यांवने मशीनचा चहा आणला.
मी घेतला.

नंतर बाटलीत दाखवली ती गुठळी :
सोलाची कातर, आमटीत पडली तर सापडायची नाही.
एवढीशी, आणि आख्खा माणूस
रस्त्यात आडवा घालून बसलेली.

दुसऱ्या दिवशी नर्सने नाव विचारलं.
ओठ बराच वेळ जुळवत राहिले.
मग म्हणाले, "सुट्टे."
नर्स हसली.
मी पिशवीतून दहाचं नाणं काढून
त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवलं.
बोटं मिटली. पूर्ण नाही.

आता घरी आहेत. मिठाला तिकीट म्हणतात.
मी तिकीट वाढते.
चार हजार अजून आलेले नाहीत, त्यावरून परवा बोललेही मी,
पण समोर बसून.

पाचला उठते. चहा देते,
पिऊन होईपर्यंत हलत नाही.
कप उपडा घातला की भिंतीवर बघून ठेवते :
पाच दहा. धड.
कधी रात्री दोनलाही दिवा लावते.
"किदें गो?" म्हणतात.
काही नाही, म्हणते. दोन वाजले.